स्त्रीपार्टीची मिशी

“उपटलेत की काय हो?”

भिंगातून माझ्या हनुवटीकडे बघत डॉक्टर मगदूम मॅडमनी विचारलं.

“होय,” मी जरा ऐटीतच म्हणालो. “काल अख्खी दुपार चिमटा घेऊन बसलो होतो. एक केस सापडायचा नाही तुम्हाला.”

“तोच तर घोटाळा केलात.” त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. “मी फोनवर काय सांगितलं होतं? दाढी करून या. चिमटा कुणी सांगितला होता?”

“दाढी केलीच. पण दाढी केल्यावर खाली जे उरतं...”

“ते उरलेलंच पाहिजे होतं की मला!”

पहाटेची एसटी धरून, फोंडा घाट चढून, हाडं खिळखिळी करून घेत मी कुडाळहून कोल्हापूरला आलो होतो, ते काय हे ऐकायला? पण चूक माझीच होती, आणि ती चूक माझ्याच जातीचा माणूस करू शकतो. जात म्हणजे आमची धंद्याची जात. मी दशावतारातला स्त्रीपार्टी. आमच्याकडे नाटकात बाई नसते. राणी, सती, राक्षसीण, सगळ्या आम्हीच. साधी जत्रा असली तर नुसती दाढी करून भागतं, मोठी जत्रा असली की दाढीनंतर चिमटा घेऊन बसायचं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं तर मोठ्या जत्रेसारखी तयारी करून जावं.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून लहान मुलाला सांगतात तसं सांगायला लागल्या.

“हे बघा धुरी, लेझर म्हणजे एक उजेड. त्याला फक्त काळं दिसतं. केसाचा काळा रंग तो उजेड पितो, तापतो, आणि ती धग केसावरून खाली मुळापर्यंत जाते. मूळ भाजलं की केस मेला. आता तुम्ही केसच मुळातून काढून आलात. मग धग जाणार कशावरून? दाढी केली की वरचा केस जातो, आतला राहतो. तो आतला मला पाहिजे.”

“मग आता?”

“आता घरी जा. महिनाभर चिमट्याला हात लावू नका. दोराही नाही. मग या.”

“एकदा केलं की झालं ना?”

“नाही हो. सगळे केस एका वेळी जागे नसतात. काही वाढत असतात, काही झोपलेले असतात. जागे असतील तेवढेच मरतात. म्हणून महिना-सव्वा महिन्यानं यायचं, सहा-सात-आठ वेळा. पुरुषाची दाढी दाट, तिला वेळ लागतो. त्यातूनही थोडी लव राहीलच. कायमची शंभर टक्के जाते असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे जाऊ नका.”

मी एवढा हिरमुसलो की त्यांनाही वाईट वाटलं असावं. कानाजवळ चिमटा पोचलेला नव्हता, तिथे त्यांनी चाचणी म्हणून तीन-चार ठोके मारून दाखवले. रबरबँड ताणून सोडला की लागतो तसं लागलं, आणि नाकाला जळक्या केसांचा वास आला. “तुमच्यासारख्या सावळ्या कातडीला वेगळं मशीन लागतं,” त्या म्हणाल्या, “नाहीतर उजेड कातडीलाच केस समजून भाजतो. इथं फोड आला नाही तर पुढचं करू.” मग उन्हात फिरू नका, रंग लावू नका, असं बरंच काही सांगितलं. मी ऐकत होतो, पण हात सारखा हनुवटीकडे जात होता.

मला एवढी घाई का होती ते सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात एका गावच्या जत्रेत मी सती चंद्रावती करत होतो. नवऱ्याचं कलेवर मांडीवर घेऊन विलाप करण्याचा प्रवेश. तो माझा हुकमी प्रवेश. मी विलाप धरला की समोरच्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. पूर्वी पेट्रोमॅक्सच्या उजेडात काही दिसत नसे, पण आता सहा-सहा दिवे तोंडावर. घामानं तोंडाला फासलेला सफेदा उतरला आणि त्याखालून दाढीची हिरवी झाक वर आली. कुणीतरी पुढे येऊन मोबाइल माझ्या तोंडाशी धरला. पुढच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. तिच्या शेजारची हसली. मग सगळ्याच हसल्या, आणि मी मांडीवर मेलेला नवरा घेऊन रडतच राहिलो. आठ दिवसांत ‘दाढीवाली चंद्रावती’ प्रत्येकाच्या मोबाइलवर होती.

हंगाम संपताना आमचे मालक भाई गवंडे म्हणाले, “उमाकांता, पुढच्या हंगामाक बघूया.”

आमच्या कंपनीत ‘बघूया’ म्हणजे पेटारा उचल आणि घरी जा. हंगाम कार्तिकात सुरू होतो. तोपर्यंत दोन-तीन खेपांत निदान ती हिरवी झाक कमी झाली नाही, तर चौदा वर्षं अंगावर घेतलेली चंद्रावती दुसऱ्याच्या अंगावर जाणार होती. ती गेली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. दुसरं मला काही येत नव्हतं.

घरी आलो आणि महिना मोजायला लागलो. चिमटा माळ्यावर टाकला. दाढी करायला मॅडमनी मनाई केली नव्हती, पण वैतागून मी तीही सोडली. पावसाचे दिवस, नाटक नाही, बघायला कोण येतंय? उमेदीच्या वयापासून पावसाळ्यातही मी कधी मिशी वाढू दिली नव्हती, सवय मोडते म्हणून. त्या महिन्यात पहिल्यांदाच आली. भसाभस आली. भात लावताना, गोठ्यात, जेवताना, सारखी नाकाखाली काहीतरी बसल्याची जाणीव व्हायची आणि हात तिकडे जायचा.

बायको, प्रणिता, सगळं जाणून होती. कोल्हापूरचा नंबर तिनेच शोधून दिला होता. “तुमचा तोंड माझ्यापेक्षा गुळगुळीत झाला तर लोक माका घोव नि तुमका बायल म्हणतले,” असं म्हणून ती हसायची, पण तेल लावायला घेतलं की हनुवटीवरून अलगद बोट फिरवून बघायची. माहीत नव्हतं ते बाबांना.

आमचे बाबा म्हणजे दाजी धुरी. त्याच कंपनीचे एकेकाळचे राजपार्टी. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसले, नाहीतर बसणारे नव्हते. बाकीचे राजे मिशी रंगवतात, बाबांची खरी होती. दोन्ही टोकं वर वळलेली, आता पांढरीशुभ्र. मुलगा राजपार्टी व्हावा ही त्यांची फार इच्छा, पण मी निघालो चणीनं बारीक आणि गळ्यानं मऊ. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. ती काढायची बाप गेल्यावर, दहाव्या दिवशी. मी स्त्रीपार्ट घेतला तेव्हा बाबांनी मला देवळात नेलं, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, “नाटकाच्या पायी झील मिशी काढता, म्हाराजा, पदरात घे.” देवाला त्यांनी पटवलं. स्वतःला कितपत पटवलं कोण जाणे.

एका सकाळी मी पडवीत नांगराची जुनी दोरी सोडवत बसलो होतो. बाबा सुपारी कातरत होते.

“उमो, हंय ये. उजेडात उभो रव.”

मी उभा राहिलो. त्यांनी अंगठा माझ्या मिशीवरून फिरवला, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

“बरी इली हा. माझ्यासारखीच. उजव्या बाजूक जरा दाट.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “माका कधी सांगतलंस?”

“काय?”

“लपवतस कित्याक? माका कळत नाय? राजपार्ट घेतलस ना? भाई गवंड्यान बोलणा केल्यान ना तुझ्याकडे?”

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण समोरचा चेहरा असा उजळला होता की ते तसंच मिटलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. मी नुसतं हं केलं. त्यांना तेवढं पुरलं.

संध्याकाळपर्यंत अर्ध्या वाडीला कळलं. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. बाबा खुर्चीत, मी खळ्यात.

“पाय असो नको. बाई चलता तशी चलतस. टाच आधी टेक. टाच! भुंयेक कळाक होया, राजा इलो.”

मी टाच टेकायचो.

“बोलण्याआधी मिशयेक हात. राजा आधी मिशयेक हात लावता, मगे बोलता. तू हात खय नेलस?”

हात खांद्यावर गेलेला असायचा, पदर सावरायला. चौदा वर्षांची सवय. बाबा कपाळावर हात मारून घ्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. त्यांचा गुडघा दुखायचा तरी उठून एक पाऊल करून दाखवायचे, आणि खरं सांगतो, त्या एका पावलात जो राजा दिसायचा तो मला सात जन्मांत जमला नसता. मी घामेघूम होऊन आत आलो की प्रणिता चुलीकडून बघायची.

“आज सांगतंय, फाल्यां सांगतंय करीत म्हयनो जाईत इलो. तुमका जमत नाय तर मी सांगतंय.”

“नको. मीच सांगतंय.”

“कधी? तोंड भाजून घेतल्यार?”

रात्र सरता सरत नव्हती आणि दिवस हातात राहत नव्हता. सांगितलं नाही. तारीख मात्र येऊन ठेपली. रंगानं कातडी बिघडली आहे, ती दाखवायला कोल्हापूरला जाऊन येतो, एवढंच मी बाबांना म्हणालो.

“मी पण येतंय,” ते म्हणाले.

“तुमी कित्याक? घाटात पाय आखडतलो.”

“आखडांदे. अंबाबाईक गाऱ्हाणा घालूचा असा. झील राजा झालो, तिका सांगूक नको?”

यावर माणूस काय बोलणार? प्रणितानं दोन भाकऱ्या बांधून दिल्या आणि माझ्याकडे असं काही बघितलं की मी चप्पल उलटी घातली.

लेझरच्या दिवशी सकाळी दाढी करून यायचं, हे मला आता पाठ होतं. पण बाबा शेजारी बसून एसटीनं येणार म्हटल्यावर मिशी काढायची कशी? मी एक नवं रेझर शर्टाच्या खिशात टाकलं. दवाखान्यात बाबांना बाहेर बसवायचं, आत बेसिनवर भरभर उरकायचं, परत येताना तोंडाला रुमाल बांधायचा, असा माझा बेत. घाट चढेपर्यंत तो मला मोठा हुशारीचा वाटत होता. राधानगरी मागे पडली तशी त्यातली भोकं दिसायला लागली. बाबा खिडकीशी बसून पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला सांगत होते, “ह्यो माझो झील. यंदा राजपार्ट करता.” तो माणूस मागे वळून माझ्याकडे बघायचा, आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

दवाखान्यात शिरलो. मी बाबांना बाकावर बसवलं आणि आत सटकणार, एवढ्यात मॅडम स्वतःच केबिनमधून बाहेर आल्या.

“अहो धुरी! आज हे काय? मागच्या वेळी उपटून आलात, आता जंगल घेऊन आलात?” त्या माझ्या जवळ आल्या. “एवढ्या केसावर मी लेझर मारला तर वरच्या वरच केस पेटेल आणि कातडी भाजेल. जावा आत, बेसिन आहे. दाढी, मिशी, सगळं साफ करून या.”

“मिशी कित्याक?” मागून बाबांचा आवाज आला. “कातडी दाखवूक इलाव ना आमी?”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे कोण? वडील काय तुमचे? आजोबा, दाढी-मिशी कायमची कमी करून घ्यायला आलेत ते. तुम्हाला सांगितलं नाही होय?”

बाकावर आणखी दोन बाया बसल्या होत्या, त्याही माझ्याकडे बघायला लागल्या. बाबा काठीवर भार देऊन उठले, दार ढकललं आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मी मागे धावलो.

ते खाली रस्त्याकडे बघत होते. रिक्षा येत होत्या, जात होत्या. मला त्यांची नुसती पाठ दिसत होती.

“कायमची?” त्यांनी न वळता विचारलं.

“पुरी जावची नाय. सात-आठ वेळा केल्यार बरीचशी जातली.”

“आणि मगे परत होयी झाली तर?”

“येवची नाय.”

“म्हणजे म्हयनोभर मी खळ्यात येड्यासारखो बोंबलत होतंय. टाच टेक, टाच टेक.”

“बाबानू, तुमीच तसा समाजलात. माका सांगूचो धीर झालो नाय.”

“सगळ्या वाडयेक सांगलंय मी. त्या गाडयेतल्या माणसाक पण सांगलंय.” ते वळले. डोळे लाल झाले होते. “ता जांवदे. लोक काय, हसतले नि गप रवतले. पण मी मेल्यार दहाव्याक न्हावी येतलो. तुका नदयेर बसवतलो. तुझ्या तोंडार वस्तरो धरतलो. तो काढतलो काय रे? सांग. काय काढतलो?”

“असा बोला नकात.”

“मगे कसा बोलू? एक झील माका. ही मिशीच एक माझ्या नावान तुझ्या तोंडावरसून जावची होती.”

मला भडभडून आलं. आणि महिनाभर जे सांगायचं राहिलं होतं ते त्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, बाहेर पडलं. “माका राजा होवचा नाय, बाबानू! माका जमणाच नाय. तुमी माका मुकुट घातलात तरी माझो हात पदराकच जातलो. मी लुगडा नेसलंय की माका कळता मी खय असंय, कोणाक काय सांगूचा असा. चंद्रावती रडता तेव्हा समोरच्यो बायो रडतत. चवदा वर्सा रडतत. आणि त्या दिवशी त्यो हसल्यो. नवरो मांडयेर नि बायो हसतत. त्या दिसापासून माझ्या डोळ्याक डोळो लागलो नाय. भाई गवंडे म्हणता, बघूया. ही चंद्रावती गेली तर मी कोण, सांगा माका. कोण मी?”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. दाढीवाल्या चंद्रावतीचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं असणार असं मी धरून चाललो होतो. पण त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, आणि दाजी धुरींच्या तोंडावर ते सांगायची वाडीत कुणाची छाती नव्हती.

“हसल्यो?” त्यांनी हळूच विचारलं.

“हसल्यो.”

“सगळ्यो?”

“सगळ्यो.”

ते जिन्याच्या पायरीवर बसले. मीही शेजारी टेकलो. खालून एक बाई मुलाला घेऊन वर आली, तिला वाट द्यायला आम्ही दोघं पाय आखडून बसलो.

“पेंडूरच्या जत्रेत माझो मुकुट पडलेलो,” बाबा म्हणाले. “तुझो जल्म झालो नव्हतो तेव्हा. युद्धाच्या वेळी मान हलवलंय नि मुकुट घरंगळत खाली. एक बारको चेडो धावलो, तो घालून नाचूक लागलो. जत्राभर लोक हसले. मी तसोच उभो, हातात तलवार.”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

“दुसऱ्या दिसापासून मुकुट सुतळयेन हनुवटयेखाली बांधलंय. करकचून. सुतळी रुतायची, रगत येयचा. तुझी आवस मलम लावताना रडायची, बोलायची, ढिली बांधा. मी ढिली बांधलंय नाय. मुकुट परत कधी पडलो नाय.” त्यांनी हनुवटीखाली बोट फिरवलं. दाढीच्या खुंटांखाली तिथे एक पुसट वण होता. तो मी लहानपणापासून बघत होतो आणि म्हातारपणाची सुरकुती समजत होतो.

“लोक हसाक नाय होये,” ते म्हणाले. “बाकी कायय जावं.”

मग काठी टेकून उठले. “चल. तुझो वस्तरो खय असा?”

मी खिशातून रेझर काढलं. ते त्यांनी माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. “ह्या काय वस्तरो? खेळणा!” असं पुटपुटत पुढे झाले. दवाखान्यात शिरून थेट आत बेसिनपाशी गेले. मी मागोमाग. दाढी मी माझी मीच केली. मिशी तेवढी उरली, तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला.

“रव. ही मी काढतंय.”

“बाबानू...”

“गप. दहाव्याक न्हावी काढतलो असतो, ती बघूक मी खय असतलंय? आज बघतंय. माझी ती मीच घेतंय.”

त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी माझं नाक वर धरलं. उजवीकडची दाट बाजू त्यांनी शेवटी काढली. बेसिनमध्ये केस पडले, त्यांनी नळ सोडला आणि ते वाहून गेले. मग ओल्या तळव्यानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायचे तसं, जरा जोरातच.

पुढे मॅडमनी तोंडाला बधिर करणारं पांढरं मलम फासलं आणि अर्धा तास बसवून ठेवलं. ओठ बधिर झाले का बघायला मी ते हलवत बसलो. मध्येच बाबा वाकून बघून गेले. “सफेदो पातळ लागलो हा,” म्हणाले.

लेझरच्या खोलीत कुणाला सोडत नाहीत, पण ते हटून बसले. खोलीत जो असेल त्याला चष्मा घालावा लागतो, म्हणून त्यांनाही काळा चष्मा दिला. पांढऱ्या मिशा आणि काळा चष्मा, असे बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर काठी धरून बसले. मशीन चालू व्हायच्या आधी मात्र त्यांना राहवलं नाही.

“डॉक्टरणीबाय, पयली माझी काढून बघा. तेच्या तोंडाक काय झाला तर? हंगाम तोंडार इलो हा.”

मी टेबलावरून मान वळवली. ज्या मिशीला त्यांनी कधी न्हाव्यालासुद्धा धड हात लावू दिला नाही, ती.

मॅडम म्हणाल्या, “आजोबा, तुमची पांढरी झाली. पांढरा केस या मशीनला दिसतच नाही. दिवसभर मारत बसले तरी काही होणार नाही.”

“दिसणाच नाय?”

“नाही दिसत. फक्त काळं दिसतं.”

“मगे कर बाय तेची,” बाबा म्हणाले आणि मागे भिंतीला टेकून बसले.

माझ्या डोळ्यांवर गच्च झाकणी आली. अंधार झाला. गालावर गारगार जेल लागलं, गार वाऱ्याची नळी लागली, आणि ठोके सुरू झाले. गालावर सोसलं. हनुवटीवर मुठी आवळल्या. मलम लावूनही गरम सुई टोचून काढावी तसं होत होतं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तो जळका वास. मधूनमधून मॅडम सांगत होत्या, दोन दिवस तोंड लाल राहील, बर्फाचं फडकं लावा, पंधरा दिवसांत केस वाढल्यासारखे वर येतील आणि गळून पडतील, घाबरू नका, ओढू नका.

“आता मिशीची जागा,” त्या म्हणाल्या. “ही सगळ्यात वाईट. करू ना?”

मी मान हलवली. पहिला ठोका बसला आणि झाकणीच्या आतून घळाघळा पाणी यायला लागलं. दुसऱ्याला कानापर्यंत ओघळ गेला. मॅडम थांबल्या, कापसानं टिपलं.

“रडू नका हो धुरी. इथं सगळ्यांनाच येतं पाणी. ते काय मनातलं नसतं, जागाच तशी आहे, आपोआप येतं.”

मग कोपऱ्यातून बाबा म्हणाले, “बाय, माझ्याय डोळ्यांत पाणी इला. माका खय मशीन लावलास?”